फक्त तीन ओळी काढल्या होत्या हो! (पॅकेजच्या शेल स्क्रिप्टचा रिव्ह्यू तुम्ही कसा करता?)

ट्रान्सहार्बरी
सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत उभ्याने टाइप करतोय त्यामुळे कमांडी पण देवनागरीतच येतील, की-बोर्ड बदलायला दुसरा हात मोकळा नाहीये, वाचताना मनात उलटं करून घ्या.

तर झालं असं. आमचं महाप्याला छोटं ऑफिस आहे, गोदामांच्या गेटवर ट्रकचा पास काढायचं सॉफ्टवेअर बनवतो. गेटच्या केबिनमध्ये एकेक छोटा डबा असतो डेबियन लिनक्सवर चालणारा, असे तीसेक डबे आहेत, आणि त्यावर आमची दोन पॅकेजेस. एकाला इथे 'इंजिन' म्हणतो, दुसऱ्याला 'स्क्रीन'. स्क्रीन हे इंजिनवर अवलंबून, म्हणजे इंजिन नीट बसल्याशिवाय ते बसत नाही. गेल्या आठवड्यात टीममधल्या एका पोराने इंजिनच्या पोस्टइन्स्टमध्ये (पॅकेज बसल्यावर आपोआप चालणारी शेल स्क्रिप्ट) बदल पाठवला. बदल काय, तर जुन्या व्हर्जनवरून डेटा हलवायचा तीन ओळींचा तुकडा होता तो आता कोणालाच लागत नाही म्हणून काढला. बास. डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक, काढलेलं लाल, घातलेलं हिरवं) तीन लाल ओळी, हिरवी एकही नाही. मी ऐरोली ते ठाणे एवढ्या वेळात बघितलं, एलजीटीएम ('मला बरोबर वाटतं') टाकलं, गाडीतून उतरलो.

रात्री डब्यांवर अपडेट गेला आणि सकाळी सहाला फोन, की गेटवर स्क्रीन काळी आहे, पास निघत नाहीये, आणि ट्रकची रांग बाहेर ठाणे-बेलापूर रोडपर्यंत आलीये. तीसपैकी एकोणीस डबे मेलेले, अकरा मस्त चालू. गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटत नव्हती) मेलेल्या डब्यांवर इंजिन चालूच होतं, बंद होतं ते स्क्रीन, ज्याला आम्ही हातही लावला नव्हता, फक्त व्हर्जन नंबर वाढून ते बरोबर गेलं होतं. त्यामुळे पहिले दोन तास आम्ही सगळे स्क्रीनचा कोड धुंडाळत बसलो.

शेवटी एकाला सुचलं म्हणून डीपीकेजी -एल (डीपीकेजी म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा, -एल म्हणजे यादी दाखव) मारलं तर इंजिनच्या पुढे 'आयएफ'. हाफ-कॉन्फिगर्ड. म्हणजे पोस्टइन्स्ट अपयशी ठरलेलं. आणि इंजिन अर्धवट म्हणून डीपीकेजीने स्क्रीनचं पोस्टइन्स्ट चालवलंच नाही, त्याच्या प्रीआरएमने (जुनं काढायच्या आधी चालणारी स्क्रिप्ट) मात्र अपग्रेडच्या सुरुवातीला सर्व्हिस बंद केलेली होती. बंद करणारा आला आणि चालू करणारा आलाच नाही.

आता पोस्टइन्स्ट का पडलं? तर काढलेल्या तीन ओळींच्या बरोब्बर वर एक ओळ होती, दोन वर्षं जुनी:

[ -डी /व्हार/कॅश/इंजिन ] && चाउन -आर इंजिन /व्हार/कॅश/इंजिन

फोल्डर असेल तर मालकी बदल, नसेल तर सोड. आता फोल्डर नसलं की कंडिशन खोटी, पुढचं काही चालत नाही, इथपर्यंत बरोबर, पण त्या ओळीचा एक्झिट कोड (शून्य म्हणजे यशस्वी, बाकी काहीही म्हणजे अपयश) एक राहतो. सेट -ई (कमांड पडली की स्क्रिप्ट तिथेच थांबव असं सांगणारी ओळ) अशा && वाल्या कंडिशनवर थांबत नाही म्हणून इतके दिवस काही झालं नाही, खाली अजून तीन ओळी होत्या, त्यांचा कोड शून्य यायचा. त्या काढल्या आणि ही झाली शेवटची ओळ. शेवटच्या ओळीचा कोड तोच अख्ख्या स्क्रिप्टचा कोड. ज्या अकरा डब्यांवर जुन्या व्हर्जनचं फोल्डर शिल्लक होतं ते वाचले, गेल्या वर्षभरात नवीन बसवलेले एकोणीस गेले. आमचं टेस्टचं मशीन अर्थात जुनं.

ती ओळ मला डिफमध्ये दिसत होती हो. लाल नाही, हिरवी नाही, नुसती राखाडी. मी लाल तेवढं वाचलं.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक पॅकेजमधल्या शेलचा रिव्ह्यू करता तेव्हा नक्की काय बघता? कोडचा रिव्ह्यू मला येतो असं मला वाटायचं. ठाणे आलं, पुढे बोलू.


कोपरीकाका
सोमवार, रात्री ११:२०

ट्रान्सहार्बरी, पहिल्यांदा पोराला ओरडला नसशील अशी आशा करतो, कारण चूक दोन वर्षांपूर्वी ती ओळ लिहिणाऱ्याची आणि आत्ता पास करणाऱ्याची. (म्हणजे तुझी.)

मी हे काम बरीच वर्षं करतोय, वागळे इस्टेटमध्ये सर्व्हर टेबलाखाली ठेवायचे तेव्हापासून. माझी सवय सांगतो. मी डिफ शेवटी वाचतो. आधी बदलानंतरची अख्खी फाइल वाचायची, वरपासून खालपर्यंत, पॅकेजच्या स्क्रिप्ट असतात केवढ्या, चाळीस-पन्नास ओळी. आणि वाचताना 'हे काय करतं' हा प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचं की हे कधी चालतं. नव्या मशीनवर चालतं तेव्हा काय होईल, अपग्रेडला काय, तेच व्हर्जन परत टाकलं तर काय, मध्येच लाइट गेली आणि परत चाललं तर काय, काढताना काय. डेबियनच्या पॉलिसीत स्पष्ट आहे की या स्क्रिप्टा इडेम्पोटंट पाहिजेत, म्हणजे अर्ध्यात मोडून परत चालवल्या तरी घोळ होता कामा नये. साध्या मराठीत, दुधाला दोनदा उकळी आणली तरी चालतं, विरजण दोनदा लावलं तर काय होईल याचा विचार आधी करायला पाहिजे.

आणि हे सगळं रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार हातात घेऊन चालतं. तुमच्या अ‍ॅपमधला बग अ‍ॅप पाडतो. इथला बग मशीन पाडतो.


घोडबंदर_जाम
सोमवार, रात्री ११:३४

काका दुधाचं उदाहरण डोक्यावरून गेलं पण मुद्दा पोचला 😀

ट्रान्सहार्बरी, साधा उपाय सांगू का, अशा ओळीच्या मागे || ट्रू लावून टाकायचं, म्हणजे काही पडलं तरी कोड शून्यच. झालं. आमच्याकडे सगळीकडे लावतात.


कोपरीकाका
सोमवार, रात्री ११:४१

सगळीकडे?? मग सेट -ई कशाला ठेवलंय, शोभेला? डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून बल्बच काढून टाकायचा असला प्रकार आहे हा. चाउन खरंच पडलं, युजरच नाहीये म्हणून पडलं, तरी पॅकेज 'यशस्वी' म्हणून बसणार आणि तीन दिवसांनी सर्व्हिस परमिशन नाही म्हणून रडणार, तेव्हा शोधत बसा.

इफ लिहायचं सरळ. इफ, देन, फाय. कंडिशन खोटी असेल तर इफचा कोड शून्य येतो. दोन ओळी जास्त जातात, कागद लागतो का त्याला?


आरपीएमवाला
मंगळवार, सकाळी ८:०५

थोडी दुसरी बाजू मांडतो. आम्ही रेड हॅटच्या गावचे, म्हणजे डीपीकेजीच्या जागी आरपीएम. तिथे || : (तेच ते, || ट्रू) हे लाजिरवाणं मानत नाहीत, फेडोराच्या (रेड हॅटकडचंच लिनक्स) नियमातच आहे की स्क्रिप्टलेट (पॅकेजमधली छोटी स्क्रिप्ट) शून्य कोडनेच संपली पाहिजे, कारण एक स्क्रिप्टलेट पडली की अख्ख्या ट्रान्झॅक्शनमध्ये घाण होऊ शकते. आणि %पोस्ट (तुमचं पोस्टइन्स्ट) पडलं तर आरपीएम फक्त वॉर्निंग देतं आणि पुढे जातं, डीपीकेजीसारखं अर्धवट धरून बसत नाही. त्यामुळे रिव्ह्यू करताना आधी हे माहीत पाहिजे की आपण कोणाच्या अंगणात आहोत, एकीकडचं शहाणपण दुसरीकडे घातक आहे.

आमच्याकडचा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा वेगळाच. अपग्रेडला क्रम असा: नव्याचं %प्री, नव्या फाइली, नव्याचं %पोस्ट, आणि मग जुन्याचं %प्रीअन (काढण्याआधीची स्क्रिप्ट), जुन्या फाइली काढणं, जुन्याचं %पोस्टअन (काढल्यानंतरची). म्हणजे जुना भाडेकरू नवा राहायला आल्यावर बाहेर पडतो. आता जुन्याच्या %पोस्टअनमध्ये कोणी 'डेटा फोल्डर उडव' लिहिलं असेल आणि डॉलर एक (स्क्रिप्टला मिळणारा पहिला आकडा) शून्य आहे का हे तपासलं नसेल (शून्य म्हणजे खरंच काढतोय, एक म्हणजे अपग्रेड), तर नव्याने मांडलेला संसार जुना जाताना उधळून जातो. आणि वाईट म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये ते दुरुस्त करून उपयोग नाही, कारण चालणार जुन्याचीच स्क्रिप्ट, ती तर गिऱ्हाइकाच्या मशीनवर आधीच बसलेली आहे. म्हणून काढतानाच्या स्क्रिप्टांना मी जास्त वेळ देतो. बसवतानाचा बग दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो, काढतानाचा बग एकदा शिप झाला की झाला.


कोपरीकाका
मंगळवार, सकाळी ९:१५

हे लाखातलं बोललात. डेबियनमध्ये थोडी सोय आहे, जुन्याचं प्रीआरएम अपग्रेडला पडलं तर डीपीकेजी नव्या पॅकेजचं प्रीआरएम 'फेल्ड-अपग्रेड' असं सांगून चालवून बघतं, ते शून्य आलं तर पुढे जातं. म्हणजे नव्याला जुन्याची चूक सावरता येते, पण ती पडली तरच हं. ती 'यशस्वीपणे' चुकीचं वागली तर देव पण वाचवू शकत नाही.


नवखा_ऐरोली
मंगळवार, दुपारी १:२२

मी नवीन आहे या कामात, एक बावळट प्रश्न. शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) चालवलं तर हे सगळं सापडत नाही का? आमच्या सरांनी पाइपलाइनमध्ये लावून दिलंय, हिरवं आलं की मर्ज.


सेक्टर_सतरा
मंगळवार, दुपारी १:५०

बावळट अजिबात नाही. शेलचेक लावलंच पाहिजे, कोट न केलेलं व्हेरिएबल वगैरे डोळ्यांना थकवा आल्यावर सुटतं ते तो पकडतो. पण ट्रान्सहार्बरींच्या ओळीत व्याकरणाची चूकच नव्हती ना, ती ओळ स्क्रिप्टच्या मधोमध असताना बरोबर होती आणि शेवटी आल्यावर चुकीची झाली. त्याला कुठलं टूल काय बोलणार.

दुसरं, वरची पहिली ओळ बघत जा, शेबँग, कुठल्या शेलने चालवायचं ते सांगणारी. बिन-एसएच लिहिलेलं असेल तर ते बॅश नाहीये. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० पासून आणि डेबियनने २०११ च्या स्क्वीझपासून एसएचच्या जागी डॅश नावाचा छोटा शेल बसवला, बूट लवकर व्हावं म्हणून. पोरं आपापल्या टर्मिनलमध्ये बॅशवर चालवून बघतात, चालतं, पाठवतात. दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, सोर्स असलं काही असेल तर डॅश निदान ओरडतो तरी. मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्याची. बॅशमध्ये &> लिहिलं की आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलमध्ये जातात. डॅश तेच वाचतो असं की ही कमांड & ने बॅकग्राउंडला सोड, आणि मग > ने ती फाइल रिकामी कर. एरर नाही, काही नाही. कमांड मागे कुठेतरी चालू आहे आणि स्क्रिप्ट पुढे निघून गेली. एकदा यात माझा अख्खा शनिवार गेला, बायकोला पाम बीचला फ्लेमिंगो दाखवायला नेणार होतो, ते उडून गेले.

डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजमध्ये चेकबॅशिझम्स म्हणून आहे, फक्त बॅशमध्ये चालणारं काही आहे का ते शोधतं, ते पण लाव पाइपलाइनला.


खारघरची_मी
मंगळवार, रात्री ९:३०

बरं झालं हा धागा निघाला. माझ्यासमोर आत्ता एक बदल रिव्ह्यूला पडलाय, आमच्याकडच्या सिनियरने लिहिलाय त्यामुळे बोलायला जड जातंय. पोस्टआरएम (पॅकेज काढल्यावर चालणारी स्क्रिप्ट) आहे. पॅकेज पर्ज (सेटिंगसकट साफ) केलं की डेटा पण जावा असं गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून. नावं बदलून टाकते:

सेट -ई
[ -एफ /ईटीसी/डिफॉल्ट/खजिना ] && . /ईटीसी/डिफॉल्ट/खजिना
केस "$१" इन
पर्ज)
आरएम -आरएफ "$डेटा_फोल्डर/"*
डेलयुजर खजिना
;;
ईसॅक

म्हणजे डेटा कुठे ठेवायचा ते गिऱ्हाईक डिफॉल्ट फाइलमध्ये लिहू शकतं, तिथून वाचून तेवढंच उडवायचं. त्यांनी मशीनवर चालवून दाखवलं पण, चाललं. मला काहीतरी टोचतंय पण काय ते सांगता येत नाहीये.


कोपरीकाका
मंगळवार, रात्री ९:४४

ताई, मर्ज करू नका. थांबा. जेवून येतो, सविस्तर लिहितो. तोपर्यंत मर्ज करू नका.


सेक्टर_सतरा
मंगळवार, रात्री ९:५८

काका जेवेपर्यंत मी सुरुवात करतो. डेटा_फोल्डर रिकामं असेल तर ती ओळ काय होते बघा. अवतरणं आहेत म्हणून सुरक्षित वाटतं, पण रिकाम्याला स्लॅश जोडला की उरतो नुसता स्लॅश, आणि पुढे तारा. आरएम -आरएफ /*, म्हणजे मशीनवरचं सगळं उडव. जीएनयूचं आरएम नुसत्या स्लॅशला हात लावत नाही, प्रिझर्व्ह-रूट आहे त्यासाठी, पण तारा तर शेल आधीच उघडून ठेवतो, आरएमच्या हातात येतात बिन, ईटीसी, होम अशी सुटी नावं. त्याला कुठून कळणार.

२०१५ च्या जानेवारीत स्टीमच्या (गेम विकणारे) लिनक्स क्लायंटमध्ये हुबेहूब हेच झालेलं. व्हेरिएबल, स्लॅश, तारा. लोकांच्या होममधल्या फाइली गेल्या, जोडलेल्या बॅकअप डिस्कवरच्या पण. आणि कोडमध्ये त्याच्या वरती लिहिणाऱ्यानेच कॉमेंट टाकलेली होती, 'स्केरी!' म्हणून. भीती वाटली, ती लिहून ठेवली, आणि पुढे गेला. रिव्ह्यूमध्ये अशी कॉमेंट दिसली की तिथेच गाडी थांबवायची.


घोडबंदर_जाम
मंगळवार, रात्री १०:०३

आणि ते बंबलबीचं (ग्राफिक्स कार्डसाठीचं लिनक्सचं सॉफ्टवेअर) आठवतंय का, २०११ चं? इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये यूएसआरच्या पुढे चुकून एक स्पेस पडली होती, आरएम -आरएफ /यूएसआर आणि मग स्पेस देऊन पुढचा रस्ता. लोकांचं अख्खं यूएसआर (जिथे प्रोग्रॅम असतात ते फोल्डर) साफ. एक स्पेस!! तेव्हापासून मी डिफमध्ये 'व्हाइटस्पेस लपवा' हे बटण शेलसाठी कधी दाबत नाही.


कोपरीकाका
मंगळवार, रात्री १०:४०

आलो. सतरा बरोबर बोलले पण ताईंच्या केसमध्ये 'रिकामं असेल तर' असा प्रश्नच नाहीये. ते रिकामंच असणार. दर वेळी.

कारण असं: ईटीसीमधली ती डिफॉल्ट फाइल कॉनफाइल, म्हणजे पॅकेजची सेटिंगची फाइल आहे ना? पॅकेज नुसतं काढलं की कॉनफाइल राहतात. पर्ज केलं की डीपीकेजी आधी कॉनफाइल उडवतं आणि त्यानंतर पोस्टआरएमला 'पर्ज' म्हणून हाक मारतं. क्रम पॉलिसीत लिहिलेला आहे. म्हणजे पर्जच्या वेळी ही स्क्रिप्ट जेव्हा 'फाइल आहे का' विचारते तेव्हा फाइल गेलेली असते, वर && आहे म्हणून गुपचूप पुढे जाते, व्हेरिएबल रिकामं, आणि मग सतराने सांगितलं ते. तो पहिला चेक नसता तर निदान स्क्रिप्ट तिथेच मेली असती आणि मशीन वाचलं असतं. म्हणजे बिचाऱ्याने काळजी घेतली तीच नडली.

सिनियरांनी चालवून दाखवलं म्हणता, तर मला वाटतं त्यांनी स्क्रिप्ट हाताने चालवली असेल, 'पर्ज' असं पुढे लिहून. तेव्हा ईटीसीमधली फाइल जागेवर होती. पॅकेज बांधून, बसवून, खरंच पर्ज करून बघितलं नसेल. व्हर्च्युअल मशीनवर करा हं, स्वतःच्या लॅपटॉपवर नको!


खारघरची_मी
मंगळवार, रात्री ११:०२

बापरे. विचारलं आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर. हो, हातानेच चालवली होती.


आरपीएमवाला
मंगळवार, रात्री ११:१०

डेलयुजरचं पण बघा. पर्जच्या वेळी तुमच्या पॅकेजच्या डिपेंडन्सी मशीनवर असतीलच याची हमी नसते, असं आमचे डेबियनवाले मित्र सांगतात. डेलयुजर नसेल तर ती ओळ पडणार आणि पर्ज अर्धवट लटकणार.


कोपरीकाका
मंगळवार, रात्री ११:२५

बरोबर, पोस्टआरएम पर्जला फक्त इसेन्शियल (मशीनवर कायम असणारी) पॅकेजेस गृहीत धरायची. आणि तसाही सिस्टिम युजर काढायची घाई कशाला, उद्या तोच युजर नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला तर याच्या मागे राहिलेल्या फाइली त्याच्या होतात.

ताई, सिनियरांना असं सांगा: डेटाचा रस्ता स्क्रिप्टमध्ये ठरलेला, पूर्ण लिहा, /व्हार/लिब/खजिना. गिऱ्हाइकाने दुसरीकडे ठेवला असेल तर तो पॅकेजने उडवायचा नाही, तो त्यांचा त्यांनी उडवावा. व्हेरिएबल ठेवायचंच असेल तर महिरपी कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह लावून, म्हणजे रिकामं असलं की शेल तिथेच थांबतो. शेलचेक पण या ओळीवर तेच सुचवतो. मग त्यांच्याकडे शेलचेक लावलं नव्हतं का?


खारघरची_मी
मंगळवार, रात्री ११:३१

लावलंय हो, पण .पीवाय आणि .एसएच वर. या फाइलला एक्स्टेन्शनच नाहीये, नुसतं पोस्टआरएम नाव, त्यामुळे ती कधी तपासलीच जात नव्हती 🤦‍♀️


नवखा_ऐरोली
बुधवार, सकाळी ७:४८

थांबा हं, मी आमची पाइपलाइन बघून येतो.


नवखा_ऐरोली
बुधवार, सकाळी १०:१५

आमची पण तशीच होती. 😐


सेक्टर_सतरा
बुधवार, दुपारी २:१०

अजून एक भोक राहिलंय. डेबियन फोल्डरमध्ये जी पोस्टइन्स्ट तुम्ही रिव्ह्यू करता ती मशीनवर जाते ती नव्हेच. मध्ये #डेबहेल्पर# अशी एक ओळ असते, बांधताना तिच्या जागी डेबहेल्पर (पॅकेज बांधायला मदत करणारं टूल) स्वतःचे तुकडे घालतं, सर्व्हिस चालू करणं वगैरे. रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते लिहिलेली) कोणी एक शब्द बदलला की पोस्टइन्स्टचा डिफ शून्य दिसतो आणि खरी पोस्टइन्स्ट बदललेली असते. आणि हे तुकडे तुमच्याच सेट -ईच्या छत्राखाली चालतात, तुमचंच एखादं एक्झिट त्या ओळीच्या वर बसलं असेल तर ते चालणारच नाहीत, सर्व्हिस सुरूच होणार नाही, एरर पण नाही.

म्हणून माझा हट्ट असतो की मर्जच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही .डेब (तयार पॅकेज) बांधायचं आणि डीपीकेजी-डेब -ई ने त्यातल्या स्क्रिप्टा बाहेर काढून त्यांचा डिफ घ्यायचा. डिफोस्कोप असेल तर तो सगळंच एका झटक्यात दाखवतो. आरपीएमवाल्यांना आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स आहे. मशीनवर काय चालणारे ते वाचायचं, रेपोत काय लिहिलंय ते नाही.

एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, त्यात कोणीतरी चोरदरवाजा घुसवला होता) प्रकरण आठवा, मार्च २०२४. गिटमध्ये ती घुसवलेली ओळ नव्हतीच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सचं गाठोडं) बिल्ड-टू-होस्ट नावाची एम४ फाइल बदललेली होती, तिने टेस्टच्या म्हणून ठेवलेल्या बिघडलेल्या .एक्सझेड फाइलीतून शेलचा तुकडा उकरून काढला, आणि त्यातून पुढे चाललेल्या शेलने इतर गोष्टींबरोबर हेही बघितलं की आपण डेबियनचं पॅकेज बांधतोय का किंवा आरपीएम बांधतोय का. नाहीतर गप्प. म्हणजे ज्याने हे केलं त्याला पक्कं माहीत होतं की पॅकेज बांधताना काय चालतं ते कोणी वाचत नाही. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं म्हणून सापडलं. आपण अर्धा तास उशिरा गाडी आली तरी स्टेटस टाकून गप्प बसतो.


घोडबंदर_जाम
बुधवार, दुपारी २:२५

हे म्हणजे प्रत्येक तीन ओळींच्या बदलाला दोन पॅकेज बांधा, व्हीएम उठवा, पर्ज करा. वेळ कोणाकडे आहे राव. मी गायमुखला सिग्नलला उभा राहून रिव्ह्यू करतो.


कोपरीकाका
बुधवार, दुपारी ३:००

तुझ्या पत्त्याकडे बघता सिग्नलला पॅकेज बांधून पण होईल.

हाताने करायचंच नाही रे. पाययूपार्ट्स आहे ना, स्वच्छ डेबियनच्या खोलीत पॅकेज बसवतं, जुन्यावरून अपग्रेड करतं, काढतं, पर्ज करतं, आणि मागे काय कचरा राहिला ते सांगतं. ट्रान्सहार्बरीचा बग 'स्वच्छ मशीनवर बसव' या पहिल्याच पायरीला पडला असता, फोल्डर तिथे नव्हतंच. ताईंचा पर्जला. एकदा पाइपलाइनला लावा आणि विसरा. माणसाने वाचायचं ते मशीनला कळत नाही तेवढंच: हे करायची गरज आहे का.


ट्रान्सहार्बरी
बुधवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार, दोन दिवस ऑफिसात हेच चालू होतं म्हणून लिहिता आलं नाही. खारघरची, तुमचा पर्जवाला वाचून आमचे पण पोस्टआरएम उघडले, आरएम नाहीये त्यात, सुटकेचा निःश्वास.

काकांचं ऐकून इफ लावलं. आता अशी आहे:

इफ [ -डी /व्हार/कॅश/इंजिन ]; देन
चाउन -आर इंजिन /व्हार/कॅश/इंजिन
फाय

पाययूपार्ट्स लावलं, हिरवं आलं. पोराला रिव्ह्यूला टाकलंय, यावेळी त्याने माझा करायचा असं ठरलंय.


नवखा_ऐरोली
बुधवार, रात्री १०:५८

दादा एक विचारू, काकांनी म्हटलं ना गरज आहे का बघा. नवीन एकोणीस डब्यांवर ते फोल्डर नाहीचे आणि तरी इंजिन मस्त चालतंय. मग जुन्या अकरांवर तरी त्याची मालकी कशाला बदलायची? शिवाय लिंटियन (डेबियन पॅकेज तपासणारं टूल) अशा चाउन -आरवर कुरकुरतं असं वाचलं, कारण त्या फोल्डरचा मालक आत हार्डलिंक (दुसऱ्याच फाइलचं अजून एक नाव) ठेवून रूटकडून भलत्याच फाइलची मालकी मिळवू शकतो.


ट्रान्सहार्बरी
बुधवार, रात्री ११:१६

...

ग्रेप मारून (कोडमध्ये शोधून) बघितलं. नवीन कोड त्या फोल्डरला हातच लावत नाही. दोन वर्षं. ज्या ओळीने ट्रक उभे केले तिचं कामच नव्हतं. पोराने पण आत्ता नेमकं हेच लिहिलंय रिव्ह्यूमध्ये, तुमच्या चार मिनिटं आधी. काढतोय ती ओळ.


कोपरीकाका
बुधवार, रात्री ११:२०

काढ. पण काढल्यावर आता शेवटची ओळ कुठली राहते?


ट्रान्सहार्बरी
बुधवार, रात्री ११:२४

#डेबहेल्पर#. म्हणजे बांधून, उघडून बघायला पाहिजे. उद्या ऑफिसला गेल्यावर बघतो काका, गाडीत नाही.